सोलर: ३ किलोवॅट की ५? घराला पॅनल नक्की किती लागतात?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, कराडला स्वतःचं घर आहे, वर स्लॅब मोकळा. फ्रीज, गिझर, बोअरची मोटर आणि उन्हाळ्यात एक एसी. एप्रिल-मेला बिल ४०० युनिटपर्यंत जातं, थंडीत २०० च्या आसपास. एजन्सीवाला म्हणतोय सरळ ५ किलोवॅट टाका, १० पॅनल, पुढं बघायलाच नको. आई म्हणते एवढं कशाला. हिशोब कसा काढायचा?

वायरमन_काका:
दादा, आईंचं बरोबर आहे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, १२ महिन्यांची बेरीज करा आणि १२ ने भागा, नुसता मे धरून सिस्टिम काढायची नाही कारण नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज लाईनीत जाते आणि मीटर तिची नोंद ठेवतो) जादा युनिट पुढच्या महिन्याला जमा होतात. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलला जास्त, म्हणजे महिना १२० धरा. आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजारांवर थांबते, ५ ला पण तेवढीच. वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटना दर अगदी कमी मिळतो, मग जास्तीचे पॅनल कशाला?

कृष्णाकाठ:
काका, बेरीज ३१८६ आली. महिना साधारण २६५, भागिले १२० म्हणजे २.२ किलोवॅट. ५४० वॅटचे ५ पुरतील ना?

वायरमन_काका:
कागदावर पुरतात. पण धूळ बसते, पॅनल जुने होतात, म्हणून ६ घ्या, ३.२४ किलोवॅट होतात आणि सबसिडीही पूर्ण बसते. पॅनल डीसीआरचेच, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलेच हवेत हं, नाहीतर सबसिडी विसरा.

गच्चीवाली:
जागेचं कोणी बोललंच नाही! ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट लागतात, पण मोकळी जागा म्हणजे बिनसावलीची जागा. पॅनलचं तोंड दक्षिणेला असतं, त्यामुळे टाकी किंवा जिन्याची खोली दक्षिणेला असेल तर डिसेंबरात सकाळी ९ ला आणि दुपारी ३ ला वर जाऊन बघा सावली कुठवर येते, तेव्हा सूर्य खाली असतो. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या लाईनीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही घसरू शकतं.

कृष्णाकाठ:
टाकी दक्षिणेलाच आहे, हलवून घेतो. लाईट गेल्यावर सोलर चालेल ना?

वायरमन_काका:
नाही. ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनीला जोडलेला असेल तर लाईट गेली की तो पण बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. लाईट फार जात नसेल तर घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे तोच राहू द्या.