मदत हवी आहे: मोठ्या सायकल ग्रुप राइडचे गट कसे पाडता?

पुण्यातल्या आमच्या क्लबच्या राइड तीन प्रकारच्या. सिंहगड घाटाला प्रत्येकाने आपल्या दमाने चढायचं आणि वर वाहनतळावर जमायचं, तिथे तक्रार नाही. २०० किमी ब्रेव्हेचा (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) सरावही ठीक चाललाय; १३.५ तासांत थांबे धरून सरासरी ताशी १५ लागते, म्हणून पंक्चर-नाश्त्याचा वेळही मोजतो.

अडचण आहे ती खडकवासल्याच्या नवख्यांच्या राइडची. वेग ताशी १६-१८, कुणालाही मागे सोडायचं नाही, हा नियम. पण वीसेक जण झाले की सिग्नलला रांग तुटते, पुढचे न थांबता वेग वाढवतात आणि नवखा एकटा पडतो. हे धोक्याचं आहे. सगळ्यांच्या मागे एक अनुभवी रायडर पंप, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) आणि ट्यूब घेऊन असतो; मात्र रोड बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, एमटीबीला (माउंटन बाइक) मोटारीसारखा जाड श्रेडर, मापंही वेगळी. एकट्याने किती ट्यूब बाळगायच्या?

आठ-आठांचे गट करून ते पाच मिनिटांच्या अंतराने सोडावेत, असं वाटतं. मग प्रत्येक गटाला पुढचा-मागचा असे दोन अनुभवी लागतील. तितके नसतील तर काय करता? आणि थांबायच्या जागा किती किलोमीटरवर ठेवता? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.