पहिली बादली वेगळी काढा

घरी बिअर करताना वर्ट, म्हणजे माल्टचा उकळलेला गोड काढा, गार करायला चिलर वापरतात: आतून नळाचं पाणी वाहणारी तांब्याची कॉइल. त्यातून बाहेर पडणारं पाणी सरसकट झाडांना घाला, असं कुणी सुचवलंय; ते अर्धंच पटलं. उकळत्या वर्टमध्ये ही कॉइल सोडली की पहिली बादली हात भाजेल इतकी कढत येते. ती मोगऱ्याला घातली तर मुळंच शिजायची! ती तेलकट कढयांना नि ओट्याला. पुढचं कोमट पाणी कपडे भिजवायला. दुधाचे डाग असतील तर मात्र गार होऊ द्या, नाहीतर ते पक्के बसतात.

आमच्या नाशकात खरी पंचाईत एप्रिल-मेमध्ये. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तापलेलं, वर्टचं तापमान त्याच्याखाली उतरणार कसं? अशा वेळी ४० अंशांच्या आसपास नळ बंद करायचा आणि भांडं बर्फाच्या टबात. नळाची धारही बारीक ठेवा, वर्ट ढवळत राहा. बादल्या कमी भरतात.