मदत हवी आहे: डिस्नेसाठी कोणता स्ट्रोलर घ्यावा? (तातडीचे)

गुळपोळी
आम्ही मे महिन्यात डिस्नेला चाललोय. मुलासाठी हलका, चांगला स्ट्रोलर सुचवा. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. नवरा म्हणतो गरजच नाही, कडेवर घेऊ. सासूबाई म्हणतात बाबागाडीची सवय लागेल. मला फक्त नाव सांगा, आज रात्री ऑर्डर टाकायची आहे. बजेट १० हजार, थोडं मागेपुढे चालेल. प्लीज लवकर.

खिडकीतली_सीट
कुठलं डिस्ने? ऑर्लँडो, अ‍ॅनाहाइम, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय, अशी सहा ठिकाणं आहेत. मुलगा केवढा आहे? वजन किती?

गुळपोळी
अमेरिकेतलं. मुलगा अडीच वर्षांचा.

खिडकीतली_सीट
अमेरिकेत दोन आहेत :)

गुळपोळी
फ्लोरिडा! ऑर्लँडो. सॉरी, एकीकडे कुकर लावलाय. वजन १३ किलो.

चहाबाज
विकत घेऊच नका. डिस्नेत आत शिरल्या शिरल्या भाड्याने मिळतात. आम्ही गेलो तेव्हा सिंगलला दिवसाला १५ डॉलर होते. एका पार्कातून त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात गेलात तर पावती दाखवून तिथे दुसरा घ्यायचा, पुन्हा पैसे नाहीत. विमानात ओझं नाही, घरी आल्यावर माळ्यावर धूळ खात पडणं नाही. विषय संपला.

दोनमुलांचीआई
विषय संपला नाही चहाबाज, तिथे तो सुरू होतो. तो भाड्याचा स्ट्रोलर कडक प्लास्टिकचा असतो, पाठ मागे जात नाही. अडीच वर्षांचं मूल दुपारी त्यात झोपलं की मान समोर लोंबकळते. आणि तो पार्काच्या फाटकाबाहेर नेता येत नाही, ही खरी गोम.

मॅजिक किंगडम हे तिथलं एक पार्क, पण त्याचं पार्किंग शेजारी नाही. गाडी लावायची, ट्रामने किंवा चालत ट्रान्स्पोर्टेशन सेंटरपर्यंत यायचं, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. म्हणजे रात्री आतषबाजी संपली की भाड्याचा स्ट्रोलर फाटकाशी परत करायचा आणि झोपलेलं १३ किलोचं पोतं खांद्यावर टाकून आधी मोनोरेलची रांग, मग पार्किंगमधली पायपीट. माझ्या नवऱ्याने हे एकदा केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो स्वतःच दुकानात गेला आणि स्ट्रोलर घेऊन आला.

अण्णा_१९५४
आपणा सर्वांचे प्रतिसाद वाचले. मुलांना चालवावे, हे माझे स्पष्ट मत. आमची मुले सिंहगड पायी चढत. वारीत लहान लहान पोरे आईबापांबरोबर मैलोन् मैल चालतात. अडीच वर्षांच्या धडधाकट मुलाला बाबागाडीत बसवणे म्हणजे त्याला पंगू करणे होय.

दोनमुलांचीआई
अण्णा, वारीत थकलेलं पोर बापाच्या खांद्यावर असतं किंवा ट्रकमध्ये झोपलेलं असतं, हेही तुम्ही पाहिलं असेलच. तिथल्या एपकॉट पार्कात तळ्याभोवती ११ देशांचे मंडप आहेत, त्याची नुसती एक फेरी साधारण दोन किलोमीटर. ती झाली पार्काच्या मागच्या अर्ध्या भागाची. पुढचा अर्धा वेगळा. माझ्या फोनने त्या दिवशी २१ हजार पावलं दाखवली होती. मुलाची पावलं बारीक, त्यामुळे दुप्पट धरा.

तिखटमीठ
कॅरिअर घ्या! पाठीवर बांधलं की दोन्ही हात मोकळे, पार्किंगची कटकट नाही. माझी लेक तीन वर्षांची होईपर्यंत मी पाठीवरच नेली.

चहाबाज
मे महिन्यात फ्लोरिडात १३ किलो पाठीला बांधून? तापमान तिशीच्या वर आणि दमटपणा थेट मुंबईसारखा. पाठ आणि पोट दोन्ही शिजतील.

तिखटमीठ
मी नेलंय, तुम्ही नेलंय का?

चहाबाज
कुठे नेलंत?

तिखटमीठ
महाबळेश्वरला. पण मुद्दा तो नाही.

जर्सीकर
गुळपोळी, सरळ वॅगन (मुलं बसवून ओढायची चारचाकी हातगाडी) घ्या. आम्ही २०१७ ला नेली होती. पोरगं, कूलर, जॅकेट सगळं त्यात. आणि एअरपोर्टवरून डिस्नेची फुकट बस असते, तिच्यात सामान टाकून मोकळे व्हा.

खिडकीतली_सीट
जर्सीकर, दोन्ही माहिती जुनी झाली. १ मे २०१९ पासून वॅगन बंद आहेत. ओढायची असो, ढकलायची असो, आत सोडत नाहीत. स्ट्रोलरलाही मर्यादा आहे: रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच. साधा सिंगल त्यात आरामात बसतो. आणि ती एअरपोर्टची बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

जर्सीकर
अरेच्चा. वॅगन चांगली होती हो. अजून गराजमध्ये आहे, एडिसनजवळ कोणाला हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

संपादक_नाही_मी
विक्रीसाठी वेगळा विभाग आहे.

भटकभवानी
मुलगा किती महिन्यांचा, नेमकं सांगा. तीन वर्षांखाली तिकीट लागत नाही. पहिल्या दिवशी वय मोजून घ्या, ट्रिप वाढदिवसाच्या अलीकडे बसवता येते का बघा.

गुळपोळी
तेव्हा ३१ महिन्यांचा असेल, तिकिटाचं काम झालंय. फक्त नाव सांगाल का कोणीतरी? मोठीला तर स्ट्रोलर लागणार नाही ना, ती चालते.

खिडकीतली_सीट
मोठी??

दोनमुलांचीआई
थांबा थांबा. मोठी केवढी?

गुळपोळी
५ वर्षांची. १७ किलो. ती मस्त चालते हो, रोज शाळेत चालत जाते.

दोनमुलांचीआई
शाळा किती लांब?

गुळपोळी
गल्लीच्या टोकाला :|

दोनमुलांचीआई
आता नीट ऐका. तुम्हाला जास्त त्रास धाकटा देणार नाही, मोठी देणार. धाकटा हक्काने गाडीत बसेल. मोठी पहिल्या दिवशी उड्या मारेल, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला रस्त्यात फतकल मारून बसेल आणि म्हणेल, त्याला गाडी मला का नाही. तेव्हा तिला कडेवर कोण घेणार आहे? तिथे सहा-सात वर्षांची मुलं स्ट्रोलरमध्ये सर्रास दिसतात, कोणी वळून बघत नाही.

चहाबाज
मग डबल भाड्याने. (तिथे दिवसाला ३१ डॉलर मोजले होते. मी आधीच म्हणालो होतो.)

खिडकीतली_सीट
राहणार कुठे? डिस्नेच्या हॉटेलात की बाहेर? डिस्नेच्या बसमध्ये चढायचं तर स्ट्रोलर घडी करून हातात धरावा लागतो. मोनोरेलमध्ये आणि स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यात मूल बसवूनच नेता येतो. बसने जाणार असाल तर डबल विसरा. दोन झोपलेली मुलं, एक घडी केलेला डबल आणि मागे खोळंबलेली रांग, हे मी पाहिलंय.

गुळपोळी
बाहेर. अटलांटाला दीर आहेत, त्यांच्या मिनीव्हॅनने जाणार. आठ सीटची आहे, आणि आम्ही आठ जण. सासू-सासरे पण आहेत.

खिडकीतली_सीट
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर वीस प्रतिसादांचा वेळ वाचला असता. आठ सीटवर आठ माणसं म्हणजे मागे सामानाला वीतभर जागा. रुंद घडीचा स्ट्रोलर बसणारच नाही. छत्रीसारखा मिटून काठीसारखा उभा राहणारा हवा.

भारतातून नेऊच नका. अटलांटाला दिरांच्या पत्त्यावर मागवून ठेवा. समर इन्फंटचा थ्रीडी लाइट बघा: साधारण १३ पौंड म्हणजे ६ किलो, पाठ बरीच मागे जाते, ५० पौंडांपर्यंत चालतो. ५० पौंड म्हणजे साडेबावीस किलो, त्यामुळे तुमची १७ किलोची मोठीपण बसू शकते. शंभर डॉलरच्या आसपास. स्वस्तातला डबल बघत असाल तर प्रत्येक सीटची वजनमर्यादा वाचा. कित्येकांची ३५ पौंडांच्या आसपास असते आणि मोठी त्याच्या वर गेलीय.

फॉरेनची_पाटलीण
योयो नावाचा स्ट्रोलर घ्या. घडी ५२ × ४४ × १८ सेंटीमीटर, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसतो. आमचा पाच वर्षं चालला. आमच्याच एका साध्या स्ट्रोलरचं चाक एका विमान कंपनीने गेटवर घेऊन तोडून परत दिलं होतं, तेव्हापासून कानाला खडा.

चहाबाज
बजेट १० हजार लिहिलंय बाईंनी. योयोच्या पैशात आणखी एक माणूस पुणे-गोवा-पुणे जाऊन येईल.

फॉरेनची_पाटलीण
थोडं मागेपुढे चालेल असंही लिहिलंय.

अण्णा_१९५४
आजी-आजोबांची गैरसोय होणार नाही ना, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

दोनमुलांचीआई
अण्णा, हा मात्र लाखातला प्रश्न. गुळपोळी, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? पार्कात व्हीलचेअरही भाड्याने मिळते. ती घेतलीत तर ढकलायला आणखी एक माणूस अडकेल, आतापासून वाटणी करून ठेवा.

भटकभवानी
कारने जाताय तर कार सीटचं काय? फ्लोरिडात तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला वेगळी सीट, चार-पाच वर्षांच्याला सीट किंवा बूस्टर. जॉर्जियात (अटलांटा तिथेच) तर आठ वर्षांखालच्यांना लागते. म्हणजे दोघांनाही. कोणाची जुनी मागून घेणार असाल तर सीटच्या मागे एक्स्पायरीची तारीख छापलेली असते ती बघा, अपघातात सापडलेली घेऊ नका.

गुळपोळी
बापरे. दिरांच्या मित्राकडची घेणार होतो. आज तारीख विचारते. मूळ प्रश्नापेक्षा हेच कामाचं निघालं.

निवांत_डोंबिवली
खोपोलीला इमॅजिका आहे की. एका दिवसात होतं, व्हिसा नको. आमच्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड, बोटीतून उतरलं की बाबा म्हणायचे चला पाय उचला. स्ट्रोलर हा शब्द माहीत नव्हता.

तिखटमीठ
एस्सेलवर्ल्ड बंद झालं ना २०२२ मध्ये? फार वाईट वाटलं. बोटीतल्या त्या डिझेलच्या वासावर मी एक लेख लिहू शकते.

जर्सीकर
लिहा की! तिथल्या बर्फाच्या खोलीत माझा भाऊ चप्पल विसरला होता.

खिडकीतली_सीट
धागा गोराईच्या खाडीत जायच्या आत दोन गोष्टी.

राइडच्या बाहेर स्ट्रोलर ठेवायच्या जागा आखलेल्या असतात. तुम्ही आत असताना तिथले कर्मचारी गाड्या सरकवून ओळी नीट लावतात, त्यामुळे जिथे ठेवली तिथे ती सापडत नाही. काळ्या-करड्या दोनशे गाड्यांत आपली कोणती? हँडलला भडक ओढणी बांधा. पासपोर्ट, पैसे, फोन त्यात ठेवू नका. मेअखेर दुपारी धो धो सर येते, एक रेनकोट गाडीवर टाकायला ठेवा. पण ऊन लागतं म्हणून गाडीवर चादर किंवा दुपट्टा पूर्ण झाकू नका, आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. टपाचं छत आणि क्लिपचा छोटा पंखा पुरे.

आणि हलक्या गाडीच्या हँडलला जड पिशव्या अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे उलटते.

दोनमुलांचीआई
रायडर स्विच विचारून घ्या. एका मोठ्याने धाकट्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड करून यायची, मग थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणीच्या गाडीला उंची ३८ इंच लागते, स्पेस माउंटनला ४४. मोठीला आधीच भिंतीशी उभी करून मोजा, तिथे जाऊन रडारड नको.

घरचं खाणं आत चालतं, फक्त काचेच्या बाटल्या नकोत. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. धपाटे न्या. तिसऱ्या दिवशी फ्रेंच फ्राइजचा वासही नको होतो.

गुळपोळी
सगळ्यांचे खूप आभार. थ्रीडी लाइट दिरांकडे मागवला. मोठीसाठी एक दिवस तिथला डबल घेऊ. अहोंना प्रतिसाद वाचून दाखवले, ते म्हणाले ती पोत्यावाली गोष्ट वाचली, बास.

गुळपोळी (सहा आठवड्यांनी)
आलो परत. विचारत होतात म्हणून लिहिते.

मोठी दुसऱ्या दिवशी दोनला नाही, साडेबारालाच बसली. एपकॉटमध्ये, मेक्सिको आणि नॉर्वेच्या मध्ये. त्यानंतर स्ट्रोलरमध्ये तीच आणि धाकटा तिला ढकलत होता, म्हणजे हँडलला लोंबकळत होता. मॅजिक किंगडमच्या दिवशी तिथला डबल घेतला तेव्हा कुठे दोघे गप्प बसले. परतताना धाकटा आमच्या छोट्या गाडीत झोपूनच मोनोरेलने पार्किंगपर्यंत आला. ती छोटी गाडी आम्ही दिवसभर घडी करून डबलच्या मागे बांधून फिरवली होती, वेडेपणा वाटला तरी.

पिशव्या अडकवू नका हे वाचूनही सासूबाईंची पिशवी मीच अडकवली. धाकट्याने खाली उडी मारली, गाडी मागे पडली आणि थर्मासमधला सगळा चहा धपाट्यांवर. सासऱ्यांनी तेच धपाटे बाकावर बसून खाल्ले, म्हणाले वाईट नाही लागत.

ओढणी लाल बांधली होती. लाल ओढणीवाले अजून तिघे होते.

निवांत_डोंबिवली
स्ट्रोलर परत आणलात की दिरांकडेच ठेवलात? बहिणीला हवा आहे.