‘अहाता’ला मराठीत काय म्हणाल?

मिलकाठचा (इंदूर):
पुण्याहून भाचा आला होता. जेवताना म्हणाला, "मामा, तुमच्याकडे बंद झालं ते नेमकं काय, बार?" म्हटलं, बार नव्हे. "मग गुत्ता?" गुत्ताही नव्हे. "परमिट रूम?" छे! बायको पोळी वाढताना हसायला लागली, कारण पन्नास वर्षं इंदुरात काढूनही मला अहाता म्हणजे काय ते मराठीत सांगता येईना.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सरकारमान्य दारूचं दुकान असायचं. त्याच्या जाळीच्या खिडकीतून बाटली घ्यायची आणि शेजारच्या दारानं मागच्या आवारात जाऊन प्यायची. दारू दुकानाची, जागा, ग्लास, पाणी आणि चकणा अहात्याचा. वेटर नाही, मेन्यू नाही, मंद दिवे तर नाहीतच. मध्य प्रदेशातले असे सगळे अहाते १ एप्रिल २०२३ पासून सरकारनं बंद केले.

आमचा मालवा मिलच्या बाजूला होता. पत्र्याची शेड, एक कडुनिंब, डुगडुगणारी बाकं. कोपऱ्यात उकडलेल्या चण्यांचं पातेलं घेऊन एक जण बसायचा. कागदाच्या द्रोणात चणे, वर कांदा, लिंबू, मग जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, चिमटीनं. सगळ्यांना दोन चिमटी, ओळखीच्याला तिसरी. ती तिसरी मिळायला मला साताठ महिने लागले.

तिथे हुकुमचंद मिलचे म्हातारे कामगार बसत. मिल १९९१ मध्ये बंद पडली, देणी थकली, आणि "पैसे आले की" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं मी तिथे शेकड्यांनी ऐकली. पैसे सुटले डिसेंबर २०२३ मध्ये. अहाता बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

तर शब्द सुचवा.

धातुसाधित:
मूळ अरबी ‘इहाता’, म्हणजे वेढणं, वेढलेली जागा. हिंदी-उर्दूत त्याचा अहाता झाला. कानपूरच्या गिरणी कामगारांच्या चाळींचे ‘हाते’ही त्यातलेच. गंमत म्हणजे ‘एहतियात’, म्हणजे सावधगिरी, हाही त्याच अरबी धातूचा. आपल्याभोवती कुंपण घालायचं ती सावधगिरी. अहात्यात किती जण एहतियात पाळत असत ते मिलकाठच्यांनी सांगावं.

मराठीत सरळ ‘आवार’ आहेच. पण "काल आवारात बसलो होतो" म्हटलं तर लोक विचारतील, किल्ली हरवली होती का?

रामबागची नात:
आमच्या आजीच्या तोंडी अहाता होता, अगदी निर्मळ अर्थानं. "देवळाच्या अहात्यात चपला घालून फिरू नका." "वाड्याचा अहाता झाडून घे ग." नंतर कॉलनीच्या तोंडाशी दुकान आलं, त्याला अहाता आला, आणि बाबांनी आजीला तो शब्द बोलायचा बंद केला. बाहेरच्या कुणासमोर ती "नातू अहात्यात खेळतोय" म्हणाली होती! आजी चिडून म्हणाली, "शिंदीच्या झाडाखाली ताक प्यायलं तरी लोक शिंदीच म्हणणार." पण शब्द सोडला तिनं. पुढे ‘कंपाउंड’ म्हणायला लागली, तेही ‘कंपौंड’.

जुना कागद:
गुत्ता का बसत नाही ते बघा. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, कंत्राट. शब्द कानडी-तेलुगूकडचा. मराठवाड्यात अजून रस्त्याच्या कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, त्यात पिण्याबिण्याचा काही संबंध नाही. दारू विकायचा हक्क लिलावात जायचा, म्हणून तो दारूचा गुत्ता, आणि मग दुकानच गुत्ता झालं. हिंदीत ‘ठेका’चं हुबेहूब तेच झालं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच रस्ता धरला.

‘कलाली’ कलालावरून, म्हणजे विकणाऱ्यावरून. ‘परमिट रूम’ सरकारी कागदावरून: १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा, त्यातला पिण्याचा परवाना, आणि परवानेवाल्यांची खोली. विकणारा, कंत्राट, कागद, या सगळ्यांवरून शब्द पडले. पिणारा बसतो कुठे, त्यावरून मात्र एकही नाही. मुंबईकडचा ‘पिठा’ राहिला, पण त्याला एक कुबट वास आहे, मिलकाठच्यांच्या कडुनिंबाखाली तो शोभणार नाही.

तबलजी:
ठेक्यावरून आठवलं. लहानपणी तबल्याच्या क्लासहून येताना शेजारच्या काकांनी विचारलं, "कहाँ से आ रहे हो भिया?" मी मराठीतला ठेका हिंदीत ढकलला: "ठेके से." संध्याकाळी काका घरी हजर. उस्ताद अमीर खाँच्या गावात ठेका म्हटल्यावर झूमरा ताल आठवायला हवा, पण नाही.

बडोद्याची सून:
तुम्ही निदान नावावर भांडताय. आमच्याकडे १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी, त्यामुळे वस्तूच नाही तर शब्द कुठला? ‘परमिट’ म्हणजे इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा कागद. रात्री जागायची हौस आम्ही नवरात्रातल्या गरब्यावर भागवतो, एरवी कारेलीबागेतला रात्री बाजार. माहेरी इंदूरला आले की सराफ्यात जाते. सोनारांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि थंडीत तळलेला गराडू कंद, हीच माझी नाइट लाइफ. ‘रात्रजीवन’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचला की वटवाघळं डोळ्यांसमोर येतात.

विजयनगरी:
काकालोक, अहात्याला उगाच सोन्याचा मुलामा नको. संध्याकाळी सातनंतर माझ्या बहिणीला त्या दुकानावरून जाता येत नव्हतं, ती लांबून फिरून क्लासला जायची. बंद झाले ते बरं झालं. आता ‘पब’ आणि ‘लाउंज’ चालतं, त्यांना मराठी शब्द कुणी मागत नाही.

मिलकाठचा:
विजयनगरी, मान्य. आमच्या बाकावरून रस्ता दिसत नव्हता, म्हणून आम्हाला ते कधी कळलं नाही. हे मी सफाई म्हणून सांगत नाही.

जुना कागद यांचं वाचून एक सुचलं. मराठीत क्रियापद आहेच की: "आज बसायचं का?" यात ‘काय घेऊन’ ते कुणी विचारत नाही. मग त्यावरून ‘बसणं’ हेच नाम का नको? "मालवा मिलचं बसणं बंद झालं."

रामबागची नात:
‘बैठक’ का नाही?

जुना कागद:
बैठकीला गादी-तक्क्या लागतो, आणि अध्यक्ष. ‘बसणं’ ठीक आहे. कोशात शिरणार नाही, पण भाच्याला कळेल.

तबलजी:
आणि अहाता आजीला परत द्या.

रामबागची नात:
आजी नाही आता. पण परवा आमच्या सोसायटीतला सहावीतला मुलगा आईला ओरडून सांगत होता, "अहाते में ही खेल रहा हूँ!" आणि कुणीही वळून पाहिलं नाही.

मिलकाठचा:
भाच्याला ‘बसणं’ कळवलं. त्याचं उत्तर: "मामा, ते तर आम्ही रोज करतो, ऑफिसात."

चणेवाला आता रस्त्याच्या पलीकडे हातगाडी लावतो. शनिवारी गेलो होतो. तिसरी चिमूट न मागता टाकली त्यानं. बाक नव्हतं, उभ्यानंच खाल्ले.