एसयूव्हीला लोअरिंग स्प्रिंग आणि व्हील स्पेसर: आधी काय बसवायचं आणि किती मिलिमीटर?

निळी_झेप

नमस्कार मंडळी,

मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं सस्पेन्शन), मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. रिम १८ इंची, रुंदी साडेसात इंच (जे), ऑफसेट ईटी ४८ (रिमची मधली रेघ आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर, मिमीमध्ये). टायर २३५/५५. पीसीडी पाच बाय ११४.३ (पाच स्टड, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिमी), स्टड म्हणजे चाकाचे आटेदार दांडे एम१२ बाय १.५ (व्यास १२ मिमी, आट्यांचं पिच दीड मिमी).

गाडीवर माझा जीव आहे, पण बाजूने पाहिली की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात आणि टायरच्या वर फेंडरपर्यंत भली मोठी पोकळी दिसते. शिवाय वेगात लेन बदलताना अंग टाकते, ते मला अजिबात आवडत नाही. म्हणून ४० मिमी खाली करणाऱ्या स्प्रिंगा आणि पुढे २० मिमी, मागे २५ मिमीचे स्पेसर (चाक ज्याला लागतं तो हब आणि रिम यांच्यामध्ये बसून चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) एकाच दिवशी बसवून घ्यायचा विचार आहे.

तीन शंका आहेत. मूळ शॉकअप चालतील का? स्पेसरने बेअरिंग जातं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि गाडीत बरेचदा आम्ही पाच जण सामानासकट असतो, तर मागून टायर घासेल का?

चारचाकी_वेडा

बिनधास्त करा, गाडीचा रुबाबच बदलतो. फक्त स्पेसर हब सेंट्रिकच घ्या, म्हणजे हबच्या मधल्या कडेवर नेमका बसणारा. हबच्या कडेचा व्यास कॅलिपरने मोजा आणि तेवढ्याच बोअरचा स्पेसर मागवा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला स्पेसर घेऊ नका. तो नटांच्या भरवशावर मध्यावर येतो, नीट आला नाही तर वेगात स्टीअरिंग थरथरतं आणि मग लोक चाकं पुन्हा पुन्हा बॅलन्स करत बसतात.

माझं मत विचाराल तर स्पेसरऐवजी सरळ ईटी ३० च्या आसपासच्या रिम घ्या. एक जोड कमी, बेअरिंगलाही त्रास नाही.

पाना_आणि_ओळंबा

निळी_झेप, तुम्ही रिमचे आकडे सुरुवातीलाच दिलेत हे उत्तम केलंत. मी सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करू नका. आधी स्प्रिंगा बसवा, गाडी काही शे किलोमीटर चालवून बसू द्या, मग मोजा आणि त्यानंतरच स्पेसरची जाडी ठरवा. आत्ता २० आणि २५ हे आकडे तुम्ही फोटोंवरून धरले असणार. गाडी खाली आली की टायरचा वरचा खांदा फेंडरच्या ओठाजवळ जातो, आणि स्पेसर त्याच खांद्याला बाहेर ढकलतो. एकेकट्याने न घासणारी चाकं दोन्ही मिळून घासतात. उभ्या गाडीत बोटभर जागा दिसते म्हणून समाधान मानू नका, दबलेल्या गाडीत किती उरते ते पाहायचं.

ते असं बघायचं. मागची स्प्रिंग काढल्यावर नवी बसवायच्या आधी शॉकअप आणि बंप स्टॉप (चाक फार वर गेलं की अडवणारा रबरी ठोकळा) जागेवर ठेवा. चाक लावा आणि हबखाली जॅक घेऊन हळूहळू उचला. बंप स्टॉप टेकला की थांबा. आता टायर आणि फेंडरची आतली कड यांच्यामध्ये काय उरतं ते बोटाने चाचपा, वरून आणि मागच्या बाजूनेही. बंप स्टॉप अजून थोडा चेपणार आहे हे लक्षात ठेवून हिशेब करा. मग फेंडरच्या ओठावरून ओळंबा सोडा आणि दोरा टायरच्या फुगवट्यापासून किती दूर आहे ते मोजा. स्पेसर किती खपेल हे या दोन मापांतून कळतं. पुढच्या बाजूला स्ट्रट स्प्रिंगशिवाय जोडून हेच करता येतं, फक्त तिथे स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवूनही बघायचं. चाक बाहेर गेलं की वळताना ते मोठ्या कमानीत फिरतं आणि पुढचा प्लास्टिक लायनर किंवा बंपरची कड गाठतं. लोक फक्त वरची जागा पाहतात आणि तिथेच फसतात.

आता स्प्रिंगा. पाच माणसं आणि सामान म्हणताय, म्हणून मी ४० मिमीच्या विरोधात आहे. उदाहरणादाखल, चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा आहे असं धरा. ४० मिमी खाली केली की निम्मीच उरली, आणि मागे तीन जण व सामान बसल्यावर त्यातलीही बरीचशी संपली. मग प्रत्येक खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर बसते. लोक म्हणतात ‘लोअरिंग स्प्रिंगा कडक असतात’, पण पाठीत बसणारा तो दणका बरेचदा बंप स्टॉपचा असतो. २५ ते ३० मिमी ठेवा. दिसण्यातला फरक तेवढ्यातही स्पष्ट कळतो आणि गाडी घरच्यांना नकोशी होत नाही.

शॉकअपबद्दल. नवी स्प्रिंग मूळपेक्षा ताठ असते, म्हणून परत उसळताना तिला आवरायचं काम शॉकअपवर जास्त पडतं. शॉकअप ठणठणीत असतील आणि उतरण २५-३० मिमीच असेल तर ते चालून जातात. जुने, तेल पाझरणारे असतील तर त्याच वेळी बदला, कारण नंतर तीच सगळी खोलाखोल परत करावी लागते. आणि एक तपासणी कधीही टाळू नका: जॅकवर चाक पूर्ण लोंबकळत असतानाही स्प्रिंग दोन्ही बैठकींमध्ये दाबलेलीच राहिली पाहिजे. सैल झाली तर ती बैठकीतून सरकू शकते. अशी स्प्रिंग त्या गाडीची नाहीच समजा.

चारचाकी_वेडा यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. कमी ऑफसेटची रिम घेतली म्हणून बेअरिंग वाचत नाही. ईटी ४८ वर १८ मिमीचा स्पेसर लावा किंवा ईटी ३० ची तेवढ्याच रुंदीची रिम घ्या, टायरची मधली रेघ त्याच ठिकाणी येते आणि बेअरिंगवरचा पिळवटा तितकाच वाढतो. म्हणजे बेअरिंगचं आयुष्य घटतं हे खरं, पण ते चाक बाहेर आल्यामुळे, स्पेसर या वस्तूमुळे नाही. रिमचा खरा फायदा त्यांनी पहिला सांगितला तोच, एक जोड कमी.

तीच गोष्ट स्टीअरिंगची. चाक बाहेर गेलं की स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर बदलतं. बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ते मुद्दाम अगदी कमी किंवा थोडं उणे ठेवलेलं असतं, म्हणजे एका चाकाखाली वाळू आणि दुसऱ्याखाली कोरडा रस्ता असताना ब्रेक दाबला तरी गाडी स्वतःला सावरते. २० मिमी बाहेर काढलंत की ती सोय कमी होते. स्टीअरिंग हाताला ओढ देतं, रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे जातं. म्हणून पुढे जितका पातळ चालेल तितका पातळ स्पेसर, मागे थोडा जाड, असं मी सुचवतो.

निळी_झेप

दादा, मनापासून आभार. ऑफसेटचा हिशेब पहिल्यांदाच नीट उमगला. मग पुढे १० आणि मागे १५ असं धरलं तर? आणि नट मूळचेच चालतील ना? विक्रेता म्हणतो ‘१० मिमीला काही बदलावं लागत नाही’.

पाना_आणि_ओळंबा

नाही, मूळच्या स्टडवर १० मिमी लावू नका.

घरीच मोजता येईल. चाक काढायच्या आधी एक नट पूर्ण सोडवा आणि किती फेरे फिरला ते मोजा. एम१२ स्टडला निदान १२ मिमी लांबीचे आटे नटात पकडलेले हवेत. दीडच्या पिचला ते आठ फेरे झाले. १० मिमीचा स्पेसर घातला की जवळजवळ सात फेरे जातात. मूळ नट दहा-अकरा फेऱ्यांत सुटत असेल तर उरले तीन-चार. त्यावर टॉर्क पाना ‘कट्’ असा आवाज देईलही, नट घट्टही वाटेल, आणि तरी ते आटे एखाद्या जोराच्या ब्रेकला किंवा खड्ड्याला सोलून निघू शकतात. आमच्याकडे ‘डाव्या चाकातून टकटक येते’ म्हणून एक गाडी आली होती. नट हाताने फिरत होते आणि रिमची भोकं लंबगोल झाली होती. रिम गेली, स्टड गेले, माणसं मात्र सुखरूप होती. हे काम मला हलक्यात घेता येत नाही ते यामुळेच.

शिवाय १० मिमी ही अडनिडी जाडी आहे. हबची मधली कड बाहेर येते तीच मुळात साधारण तेवढी असते. स्पेसरने ती पूर्ण खाल्ली तर चाकाला बसायला कड उरत नाही, आणि एवढ्या पातळ स्पेसरला स्वतःची कड काढायलाही जागा अपुरी पडते. म्हणून १५ मिमी घ्या, स्वतःची कड असलेला, आणि त्यासोबत लांब स्टड प्रेसवर दाबून बसवून घ्या. नट मारून खेचून नव्हे. खेचल्याने स्टड ताणला जातो आणि कधी तिरका बसतो.

२० किंवा २५ मिमीचे जे स्पेसर स्वतःच्या स्टडसह येतात, ते हबला वेगळ्या नटांनी लागतात आणि चाक स्पेसरला लागतं. तिथे मूळ स्टड स्पेसरच्या पृष्ठभागाबाहेर डोकावतात का ते बघा. डोकावत असतील तर रिमच्या मागे तेवढे खळगे हवेत. खळगे नसतील तर चाक सपाट टेकणारच नाही.

बसवताना हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाची एक पापडी राहिली तरी चाक डगमगतं. दोन पृष्ठभागांमध्ये आणि आट्यांवर ग्रीस नको, हबच्या कडेवर पुसट हात फिरवला तर हरकत नाही. नटाची बैठक रिमसारखीच हवी: शंकूला शंकू, गोलाला गोल. टॉर्क गाडीच्या पुस्तकातलाच, क्रमाने एकाआड एक, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासायचाच. स्वतःच्या स्टडवाल्या स्पेसरला त्यासाठी चाक काढावं लागतं, कारण आतले नट बाहेरून दिसत नाहीत. कंटाळा करू नका.

रात्रप्रवासी

एक भर घालतो. ऑटो लेव्हलिंग हेडलाइट असतील तर मागच्या आर्मला उंचीचा सेन्सर असतो. गाडी खाली केल्यावर त्याला वाटतं की मागे कायमचं ओझं आहे, आणि तो दिव्यांचा झोत खाली पाडतो. स्कॅनरने शून्य परत लावून घ्या. काचेमागे लेन ओळखणारा कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर उंची बदलल्यानंतर त्यांचंही कॅलिब्रेशन तपासून घ्यायला हवं. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. स्पेसरबाबत कायदे देशोदेशी वेगळे आहेत, जर्मनीसारख्या ठिकाणी तपासणी करून नोंद करावी लागते.

निळी_झेप

ठरलं तर मग. आधी ३० मिमीच्या स्प्रिंगा, स्पेसर नंतर मोजून. शेवटचं विचारतो: अलाइनमेंट स्प्रिंगा बसवल्या त्याच दिवशी करू की बसल्यावर?

पाना_आणि_ओळंबा

दोन्ही वेळा. पहिल्या दिवशी निदान टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सरळ करून घ्या, नाहीतर स्प्रिंगा बसेपर्यंतच टायर झिजायला लागतील. गाडी खाली आल्यावर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आत झुकतो, सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात, पण टायर लवकर खातो तो बिघडलेला टो. तळहात टायरवर आडवा फिरवून बघा: एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना कडा बोचत असतील तर टो बिघडलेला आहे. स्प्रिंगा बसल्यावर पूर्ण अलाइनमेंट, चारही चाकांची.

आणि जिथे काम कराल तिथल्या मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: लोअर आर्म आणि मागच्या लिंकांचे बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबर दोन्हीकडच्या धातूला चिकटवलेलं असतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते पिळलेल्या ओल्या कपड्यासारखं कायम मुरगळलेलं राहतं. गाडी थोडी उंचही उभी राहते, अलाइनमेंटची मापं फसतात आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट हातापुरते लावायचे, चाकांखाली रॅम्प घेऊन गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आणायचं, पुढे-मागे थोडी हलवायची आणि मग टॉर्क द्यायचा. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने माप बदलतं. हबच्या मध्यापासून फेंडरच्या ओठापर्यंत मोजा, चारही कोपरे, स्प्रिंगा बदलायच्या आधी आणि नंतर. ती मापं आणि ओळंब्याचं अंतर इथे टाका, स्पेसर १५ घ्यायचा की अजिबात नको ते त्यावरून सांगतो.