सपाट आलेखाने नक्की काय सिद्ध होतं?

दीर्घिकांचे वेग-आलेख सपाट आहेत (केंद्रापासून दूर गेलं तरी तारे आणि वायू यांचा फिरण्याचा वेग घटत नाही), म्हणजे कृष्णद्रव्य, न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणाने ओढणारं द्रव्य, सिद्धच झालं, हा युक्तिवाद मला घाईचा वाटतो. दिसणाऱ्या वस्तुमानावरून अपेक्षित वेगाशी हिशोब जुळत नाही एवढंच तो आलेख सांगतो. चूक वस्तुमानात की गुरुत्वाकर्षणाच्या नियमात, हे नाही.

भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये नियमालाच हात घातला. न्यूटनच्या नियमांत बदल सुचवणाऱ्या त्यांच्या 'मॉण्ड' सिद्धांतानुसार कडेच्या वेगाचा चौथा घात दृश्य वस्तुमानाच्या प्रमाणात असतो: वस्तुमान सोळापट, तर वेग दुप्पट. खरी कसोटी लागते ती फिक्या, वायूने भरलेल्या दीर्घिकांत. तिथे ताऱ्यांच्या वस्तुमानाचा अंदाज फारसा आड येत नाही, हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरींवरून थेट मोजता येतो. आणि तिथे मॉण्ड चांगलाच टिकतो, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावं.

मात्र दीर्घिकेचा कल, म्हणजे तिची तबकडी आपल्याला किती तिरपी दिसते, नीट मोजलेला हवा; कारण वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग मोजता येतो, पूर्ण वेग कलावरून काढावा लागतो. जवळपास समोरून दिसणाऱ्या तबकडीचा १२ अंशांचा कल १० धरला, तर वेग २० टक्क्यांनी फुगतो आणि चौथ्या घातामुळे वस्तुमान थेट दुप्पट! अशी एखादी दीर्घिका दाखवून 'मॉण्ड खोटा' म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

माझी अडचण वेगळी आहे. दीर्घिकासमूहांत मॉण्ड लावूनही बरंच वस्तुमान कमीच पडतं.