मदत हवी आहे: सोलापूर आणि महाबळेश्वरच्या उंदरांच्या रक्तात उंचीचा फरक दिसायला हवा ना?

माळरान:
एमएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे. सोलापूर (साधारण ४५८ मीटर) आणि महाबळेश्वर (साधारण १,३५० मीटर) इथले उंदीर पकडून पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, तो आकडा), हिमोग्लोबिन आणि रक्तातले परजीवी यांची तुलना करायची आहे. वर प्राणवायू कमी म्हणून पीसीव्ही जास्त आणि थंडीमुळे परजीवी कमी, असं गृहीतक आहे. पहिल्या नमुन्यांत मात्र उलटंच दिसतंय. पीसीव्ही सोलापूरचाच जास्त, आणि महाबळेश्वरच्या स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक तांबड्या पेशीत चमकणारे ठिपके. शेरमन सापळे (पत्र्याचे, घडीचे), रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन लावलेल्या कॅपिलरी (बारीक काचनळ्या), जिम्सा (स्लाइडचा रंग), सगळं आहे. गडबड कुठे आहे?

तांबडी_पेशी:
आधी गृहीतक तपासा. सोलापुरात हवेचा दाब ७२० मिमीच्या आसपास, महाबळेश्वरात ६४५च्या. म्हणजे श्वासातल्या प्राणवायूचा दाब सुमारे १४१ वरून १२५ मिमीवर येतो. एवढ्याशा फरकाने पीसीव्ही हललाच तर थोडासा हलेल, आणि तो इतर गोष्टींत सहज बुडेल. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्या प्राण्यांचं रक्त दाट असेलच असं नाही. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातले डियर माइस चार हजार मीटरच्या वर राहतात. त्यांचं हिमोग्लोबिनच प्राणवायू जास्त घट्ट धरतं. रक्त दाट झालं की हृदयावर ताण येतो, म्हणून तो मार्ग महागात पडतो.

सोलापूरचा आकडा बहुधा पाणी कमी पडल्याचा आहे. पत्र्याचा सापळा, कोरडं आमिष, उघडं माळरान आणि आपलं ऊन. सापळ्यात काकडीची फोड ठेवा आणि ऊन चढायच्या आत सापळे उचला. खात्री करायची तर सेंट्रिफ्यूज (१२,००० आरपीएम, ५ मिनिटं) झाल्यावर कॅपिलरी पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर तोडा आणि प्लाझ्मा (वरचा पिवळसर द्रव) रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा, त्यावर प्रथिनं मोजता येतात. पीसीव्ही आणि प्रथिनं दोन्ही वाढलेली असतील तर निर्जलीकरण. प्रथिनं नेहमीइतकी आणि पीसीव्ही एकटाच चढलेला असेल तर पेशी खरोखर वाढल्याची शक्यता. आयसोफ्लुरेन (भुलीचं औषध) देत असाल तर भूल दिल्यापासून रक्त काढेपर्यंतची मिनिटं दोन्हीकडे सारखी ठेवा; भुलेत प्लीहा पेशी साठवते आणि पीसीव्ही खोटा उतरतो.

स्लाइडवेडा:
ते ठिपके परजीवी नाहीत, पाणी आहे. फाइन फोकस हलवा: ठिपका काचेसारखा चमकत असेल आणि त्याने रंग घेतला नसेल तर विषय संपला. दमट हवेत स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) हळू वाळतो, त्यात उघडी राहिलेली मिथेनॉलची बाटली हवेतली वाफ ओढून घेते. स्मिअर पातळ काढा, छोट्या पंख्याखाली लगेच वाळवा, रोज नव्या छोट्या बाटलीतलं मिथेनॉल २ मिनिटं वापरा. जिम्सा ५ टक्के, बफर ७.२ पीएच, ३० मिनिटं, आणि दर वेळी ताजा. धुताना रंग ओतून टाकू नका, पाणी सोडून वरची साय तरंगवून घालवा. नाहीतर तिचे कण परत परजीवी म्हणून मोजाल.

बबेशियाची (तांबड्या पेशीत राहणारा परजीवी) ओळख जपून. पेशीत एकच गोल, गडद जांभळा ठिपका असेल आणि भोवती निळसर द्रव्य नसेल तर ते हॉवेल-जॉली पिंड, म्हणजे पेशीतच उरलेला केंद्रकाचा तुकडा. उंदरांत ते एरवीही सापडतात. ट्रिपॅनोसोमा लेविसी हा दुसरा परजीवी पेशींच्या बाहेर असतो. कॅपिलरी तोडण्याआधी पांढऱ्या थराची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरा, जिवंत वळवळताना दिसतो. बार्टोनेलासाठी (रक्तातला जिवाणू) स्मिअरवर भरवसा नको, रक्ताचा ठिपका फिल्टर पेपरवर वाळवून पीसीआरसाठी (डीएनए तपासणी) ठेवा. आणि ३० उंदरांत एकही परजीवी मिळाला नाही तरी ‘नाहीत’ असं लिहू नका. खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं.

घूसपुराण:
मला मोठी अडचण दुसरीच दिसते. दोनच ठिकाणं घेतलीत तर उंची, पाऊस आणि तापमान वेगळं काढणार कसं? ट्रिपॅनोसोमा पिसवांतून पसरतो, बबेशिया गोचिडांतून, आणि या दोघींना दमटपणा लागतो. तेव्हा वर परजीवी जास्त निघाले तरी नवल नाही. वाटेत फलटण, वाई, पाचगणी घ्या, आणि प्रत्येक उंचीवर निदान दोन जागा. तसंही हा पावसाचा अभ्यास आहे, उंचीचा नाही, शीर्षकच बदला. प्राणवायूचा परिणाम पाहायचा तर लेहसारखी ३,५०० मीटरची जागा हवी.

जात एकच ठेवा. सोलापूरचा रॅटस रॅटस आणि महाबळेश्वरच्या जंगलातला रॅटस सतारी दिसायला जवळचे. कानाचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून सायटोक्रोम बी हे जनुक तपासा. आमिषाला ज्वारीच्या पिठात शेंगदाण्याचा कूट मळून गोळी करा. (शेंगाचटणी आपल्यासाठी.) उंदीर आधी पांढऱ्या कापडी पिशवीत सोडा, पिसवा पिशवीतच मोजा. दुहेरी हातमोजे आणि एन९५ हवाच, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांपासून होणारा आजार) धोका खरा आहे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि वनहद्दीत वनखात्याची परवानगी आधी घ्या. उंदरांना ‘उपद्रवी’ म्हणून मिळणारी जुनी सूट २०२२च्या दुरुस्तीत त्या अनुसूचीसकट गेली.

माळरान:
आभार! ३० ग्रॅमच्या उंदराचं किती रक्त काढता येईल?

तांबडी_पेशी:
एकूण रक्त वजनाच्या सुमारे ७ टक्के, म्हणजे २.१ मिली. त्याचा दहावा भाग, ०.२ मिली, ही कमाल. दोन कॅपिलरींना १०० मायक्रोलीटर, हिमोग्लोबिनला २० (५ मिली ड्रॅबकिन द्रावणात, प्रकाशमापकावर ५४० नॅनोमीटरला वाचायचं), आणि स्मिअरला एक थेंब. यात भागतं. हिमोग्लोबिनची तिप्पट पीसीव्हीच्या जवळ आली नाही, तर तो नमुना पुन्हा वाचा.